आधी पत्रा, मग रंग

अगं, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, गाडीच्या आतलं सगळं काढलंय, पत्रा उघडा पडलाय, आता कुठला स्प्रे आणू?" घाईत सांगून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून निवांत लिहितेय. बाबांची मारुती आठशे आहे ती. १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आलेलं हे मॉडेल २०१४ पासून बनायचं बंद झालं. आता जी आहे ती जपायची.

या गाडीत दाराच्या आतल्या बाजूला मध्ये तेवढं पॅड असतं, काचेभोवती सगळा रंगवलेला पत्रा. तिथे कोपर टेकतं, पिशवीचं बक्कल घासतं, ओली छत्री ठेवली जाते. शोभेपेक्षा तिथे टिकाऊपणा महत्त्वाचा.

माझ्या पहिल्या गाडीला मी ऐन जुलैत, रत्नागिरीच्या पावसात, हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे थेट पत्र्यावर मारला होता. आठवडाभर छान चमकला. दिवाळीपर्यंत दाराच्या काठाला नख लावलं की पापुद्रा सुटायला लागला. एका जागी तर रंगाखालून गंजाचे चार तांबूस ठिपके वर आले. नीट पाहिलं तर ती माझीच बोटं. रंगाआधी उघड्या पत्र्याला हात टेकला होता, तो घाम तिथेच राहिला. तेव्हापासून मी एकच सांगते, रंग किती टिकणार ते त्याच्याखाली काय आहे यावर ठरतं.

म्हणून गंज पूर्ण काढ. आधी तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, आणि शेवटी २४० किंवा ३२० ने हात फिरव, म्हणजे ओरखडे रंगातून दिसणार नाहीत. मग हातमोजे घालून पांढऱ्या सुती फडक्याने थिनर फिरव. फडकं काळं येतंय तोवर फडकं बदलत राहा, पांढरं राहिलं की थांब. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नको आणि रात्रभर तसाच ठेवणंही नको. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत एका रात्रीत पत्र्यावर लाली चढते.

आता प्रायमर. खरा खर्च इथे कर. उघड्या पत्र्याला दोन चांगले पर्याय आहेत. एक एचिंग प्रायमर. त्यातलं आम्ल पत्र्याला किंचित खातं आणि धरून बसतं, त्याचा पातळ हातच पुरतो. दुसरा इपॉक्सी. तो ओल आत जाऊ देत नाही, म्हणून कोकणासाठी माझी पसंती त्यालाच. दोन्ही एकावर एक मारू नकोस, आम्लाच्या थरावर इपॉक्सी नीट धरत नाही. साधा करडा प्रायमर मात्र पाणी शोषतो, तो मारून गाडी दोन आठवडे तशीच ठेवलीस तर खालून गंज येतो.

रंगासाठी अ‍ॅक्रिलिक इनॅमल घे, सॅटिन चमकेचा. एकदम मॅटवर हाताचं तेल उठून दिसतं आणि ग्लॉसवरून ऊन डोळ्यांवर येतं. दुकानदार "हीट-प्रूफ आहे, जास्त टिकेल" म्हणून सायलेन्सरचा स्प्रे पुढे करेल, तो घेऊ नकोस. तो रंग भट्टीसारख्या उष्णतेत पक्का होतो. गाडीच्या आत तेवढी उष्णता कधीच मिळत नाही, मग तो कच्चाच राहतो. डॅशबोर्डच्या प्लास्टिकसाठीचा स्प्रेही पत्र्यावर नको. प्रायमर आणि रंग शक्यतो एकाच कंपनीचे घे, नाहीतर वरचा थर खालच्याला सुरकुत्या पाडतो.

मारताना डबा आतली गोळी वाजायला लागल्यावर दोन मिनिटं हलव. पत्र्यापासून २०-२५ सेंटीमीटर लांब धर आणि हात थांबवू नकोस. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसत राहील. डब्यावर लिहिलेला वेळ पाळून असे तीन-चार हात दे. एकाच जाड हाताने ओघळ येतात. दाराच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती रंगाने बुजली तर दार आतून कुजतं. काडी घालून मोकळी ठेव.

पावसात हे काम करूच नकोस. ओल्या हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि ती पुसून जात नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हं चढल्यावर, हा आपला मोसम. दारं काढून अंगणात रंगवता आली तर उत्तम.

हार्डनर असलेला टू-के स्प्रे सगळ्यांत चिवट, पेट्रोल सांडलं तरी सहसा हलत नाही. पण त्यातल्या पुष्कळांत आयसोसायनेट असतं आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क तिथे काहीच कामाचा नाही. घरी तो मारू नकोस, डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या बूथमध्ये करून घे. साध्या स्प्रेलाही कार्ट्रिजचा मास्क, चारही दारं उघडी आणि बॅटरीची तार सोडलेली हवी. डब्यातला गॅस एका ठिणगीने पेट घेतो.

रंग वरून तासाभरात सुकलेला वाटतो, आतून पक्का व्हायला आठवडा लागतो. तोवर सीट बसवू नकोस, दाराचं रबर चढवू नकोस. बाबांनी ही गाडी इतकी वर्षं सांभाळली, तू आठ दिवस सांभाळ. आणि माझं एवढं ऐक, मास्क घेतल्याशिवाय डब्याचं झाकण उघडू नकोस.