वेशीबाहेरचे घर

सकाळचे सात वाजतात. सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरील आमच्या गावच्या फाट्यावर माणसांची गर्दी जमू लागते. कोणाच्या हाती जेवणाचा डबा असतो, कोणाच्या खांद्यावर पिशवी असते, तर कोणी शेजाऱ्याला मोटारसायकलीवर मागे बसवून निघतो. बँकेतील कारकून, दवाखान्यातील परिचारिका, यंत्रमागावरील कामगार, महाविद्यालयात शिकणारी मुलेमुली अशी ही सारी मंडळी सोलापुरास जातात आणि दिवेलागणीच्या सुमारास परत येतात. त्यांची घरे धाराशिव जिल्ह्यात आणि नोकऱ्या सोलापूर जिल्ह्यात! मुलांनो, अशा माणसांचे खरे गाव कोणते म्हणावे? जेथे ती राबतात ते, की जेथे ती निजतात ते? या प्रश्नाचे उत्तर मला एका विहिरीने शिकविले. तीच हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे.

मी चौतीस वर्षे सोलापुरात अध्यापन केले आणि २०१४ साली मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो. शहरातील आमचे भाड्याचे घर दोन खोल्यांचे होते. मुलगा, सून आणि दोन नातवंडे यांच्यासह त्यात राहणे कठीण होऊ लागले. शहरात जागा घेण्याची ऐपत नव्हती. तामलवाडीच्या परिसरातील एका गावाजवळ रस्त्यालगतच्या शेताचे भूखंड पाडलेले होते. तेथे आयुष्याची शिल्लक खर्चून आम्ही लहानसे घर बांधले. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. कारण मोठ्या शहरांच्या आसपास अशी गावे आता पुष्कळ झाली आहेत.

आमच्या घराण्याच्या दृष्टीने हा प्रवास उलट दिशेचा होता. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली. पुढे आणखी गिरण्या उभ्या राहिल्या आणि आसपासच्या खेड्यांतून हजारो माणसे पोटासाठी शहरात आली. त्यांत माझे आजोबाही होते. गिरणीच्या भोंग्याबरोबर त्यांचा दिवस उगवे आणि भोंग्याबरोबरच मावळे. कालांतराने त्या जुन्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ज्या मुलखातून आजोबा शहरात गेले, त्याच मुलखात त्यांचा नातू घर बांधण्यासाठी परत आला.

आजोबा ज्या वाटेने गेले, ती वाट तेव्हा दोन राज्यांमधून जात होती. सोलापूर मुंबई प्रांतात, तर तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मालाची ने-आण करणाऱ्यास सरहद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १ मे १९६० रोजी हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्र राज्याचे घटक झाले. आज ती सरहद्द केव्हा ओलांडली, हे बसमध्ये डुलकी घेणाऱ्या प्रवाशास कळतही नाही.

घर आणि काम यांची अशी फारकत पूर्वी फारशी नव्हती. कुंभाराचे चाक अंगणातच फिरे. विणकराचा माग ओसरीवरच असे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास आगगाडी धावली आणि पुढे रेल्वेच्या आधाराने दूर राहून मुंबईत नोकरी करणे शक्य झाले. बदलापूर, कर्जत अशा गावांतून आज असंख्य लोक रोज मुंबईकडे जातात. आमच्या भागात तेच काम रस्त्याने केले. रस्ता चौपदरी झाला आणि शहर जणू गावाच्या जवळ सरकले.

प्रारंभीचे दिवस मोठ्या आनंदाचे होते. रात्री चांदण्यांनी भरलेले आकाश दिसे. पहाटे ज्वारीच्या शेतावरून येणारा गार वारा अंगाला लागे. परंतु अडचणीही कमी नव्हत्या. संध्याकाळची बस चुकली की सून घरी येईपर्यंत जिवात जीव नसे. रात्री कोणास ताप आला, तर डॉक्टर मिळण्याची पंचाईत पडे. तथापि सर्वांत मोठी उणीव आमच्या ध्यानीच आली नव्हती. आमच्या वसाहतीत वीस-बावीस घरे होती आणि प्रत्येकाभोवती कुंपणाची भिंत होती. माणसे सकाळी कुलूप लावून जात आणि रात्री कुलूप उघडून आत शिरत. गावातील लग्न, मरण, जत्रा, ग्रामसभा यांपैकी कशाशीही आमचा संबंध नसे. गावकरी आम्हांला ‘प्लॉटवाले’ म्हणत. त्या शब्दात राग नव्हता. पण आपलेपणाही नव्हता.

घर बांधताना मी अंगणात बोअर घेतला होता. तीनशे फुटांवर पाणी लागले, तेव्हा आम्ही पेढे वाटले. आमच्या भिंतीपासून थोड्याच अंतरावर एक जुनी दगडी विहीर होती. गावाकडील पाच-सहा घरे तिचेच पाणी पीत. २०१५ साली पाऊस फार कमी झाला. मराठवाड्यात पाण्याचा दुष्काळ पडला. तो इतका भीषण होता, की २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच उन्हाळ्यात एका सकाळी विहिरीच्या मालकीणबाई आमच्या दारी आल्या. सारा गाव त्यांना आक्का म्हणे.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “तुमच्या बोअरला पानी लागलं, चांगलंच झालं. पर आमच्या हिरीत आता घागर बुडंना. मी भांडाया नाय आले. तुमी शिकल्याली मानसं. पानी भुईतून कुठनं कुठं जातं, ते तुमालाच इचारावं म्हनून आले.”

मी म्हणालो, “आक्का, यंदा पाऊसच झाला नाही. आणि बोअर तर मी माझ्या जागेत घेतला आहे.”

“व्हय, जागा तुमचीच हाय,” एवढेच बोलून त्या रिकामी घागर घेऊन परत गेल्या.

माझा नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो दारात उभा राहून सारे ऐकत होता. त्याने विचारले, “आजोबा, आपली भिंत जमिनीखाली किती खोल गेली आहे?”

मी निरुत्तर झालो. मुलांनो, आपली ही भूमी काळ्या कातळाची आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा कातळ निर्माण झाला. त्याच्या पोटात मोठी तळी नसतात. वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत पावसाचे मुरलेले पाणी तेवढे साठते. ती भेग कोणाच्या भिंतीपाशी थांबत नाही. एकाच भेगेतून दोघे पाणी घेऊ लागले, तर जो खोल जातो त्यास ते मिळते आणि उथळ विहीर आटते. हे सारे मला ठाऊक होते; मी ते विद्यार्थ्यांना समजावूनही दिले होते. परंतु आक्कांना ते सांगण्याचे धैर्य मला झाले नव्हते. पाऊस कमी झाला होता, हे खोटे नव्हते. पण अर्धे सत्य सांगून मी उरलेले अर्धे लपविले होते.

कायद्याची सबब माझ्यापाशी होती. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ साली झाला होता. पुढे त्याची जागा नव्या भूजल कायद्याने घेतली. आक्कांची विहीर खासगी होती. म्हणून मला कोणी दोष देऊ शकत नव्हते. तरीही त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आक्कांच्या घरी गेलो आणि म्हणालो, “काल मी तुम्हांला पुरते उत्तर दिले नाही. तुमच्या विहिरीचे पाणी माझ्या बोअरनेही ओढले असावे.” त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली. त्याच दिवशी कुंपणाबाहेर एक नळ काढला. सकाळ-संध्याकाळ एकेक तास त्या पाच-सहा घरांनी पाणी भरावे, असे ठरले. पुढे मे महिन्यात बोअरचीही धार बारीक झाली. तेव्हा आम्ही व ती घरे टँकरच्या रांगेत एकत्रच उभे राहिलो.

त्या रांगेतच पुढची योजना ठरली. वसाहतीतील माणसांना केवळ रविवार मोकळा असे. सलग चार रविवार त्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून विहिरीतील गाळ उपसला. आक्कांच्या मुलाने दोर, पाट्या आणि विहिरीत उतरण्याचे कसब पुरविले. आमच्यातील एका अभियंत्याने छपरावरील पाण्याचा हिशेब मांडला. छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस पडेल, तर त्यावर ६०,००० लिटर पाणी पडते. त्यातील काही वाया गेले, तरी फार मोठा साठा जमिनीत मुरविता येतो. आम्ही छपरांचे पाणी नळ्यांनी खाली आणून वाळू व खडी भरलेल्या खड्ड्यांत सोडले. २०१६ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात भरपूर पाऊस झाला आणि विहिरीत पुन्हा घागर बुडू लागली. त्यात मेघराजाचा वाटा किती व आमच्या खड्ड्यांचा किती, हे मला सांगता येणार नाही. मात्र चार रविवारांत वसाहतीतील माणसांना गावकऱ्यांची नावे ठाऊक झाली, हे निश्चित.

त्याच वर्षी कोजागरी पौर्णिमा आली. या पर्वणीस सोलापूरहून आणि कर्नाटकातून लक्षावधी भाविक भवानीमातेच्या दर्शनास तुळजापूरला पायी जातात. त्यांच्यासाठी रस्त्यावरील वाहतूक दुसरीकडे वळविली जाते. एरवी ज्या रस्त्याने आमची मंडळी घाईघाईने शहर गाठत, त्या रस्त्यावर मोटारीऐवजी पावलांचा आवाज भरून राहतो. ‘आई राजा उदो उदो’च्या गजराने रात्र दुमदुमून जाते. त्या रात्री आमच्या वसाहतीने फाट्यावर चहा-पाण्याची सोय केली. पाणी आक्कांच्या विहिरीचे होते. माझी सून आणि आक्कांची सून शेजारी उभ्या राहून पेले भरत होत्या.

एका थकलेल्या यात्रेकरूने पाणी पिऊन विचारले, “कोणत्या गावची मंडळी ही?”

मी उत्तर देण्यापूर्वीच आक्का म्हणाल्या, “आमच्याच गावची हायत. वरच्या आळीची.”

मुलांनो, त्या दिवसापासून आम्ही ‘प्लॉटवाले’ राहिलो नाही. आजही संध्याकाळची बस चुकते, उन्हाळ्यात पाणी जपूनच वापरावे लागते आणि डॉक्टर दूरच आहेत. भांडणेही अधूनमधून होतात. पण ती घरच्या माणसांची भांडणे असतात. सातबाऱ्यावर नाव चढले म्हणजे जागा आपली होते. गाव मात्र त्याने आपले होत नाही. ज्या गावाचे पाणी आपण पितो, त्याची तहान आपली मानावी, तेव्हाच ते गाव आपणांस आपले म्हणते.

स्वाध्याय

१. लेखकाने शहर सोडून गावाजवळ घर का बांधले?

२. “आजोबा, आपली भिंत जमिनीखाली किती खोल गेली आहे?” या प्रश्नाने लेखक निरुत्तर का झाला?

३. लेखक कोणते अर्धे सत्य बोलला आणि कोणते त्याने लपविले?

४. तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजा. वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस पडल्यास त्यावर किती लिटर पाणी पडेल, ते काढा.

५. तुमच्या गावात किंवा आळीत नव्याने राहावयास आलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला आणि त्यांच्या अडचणींविषयी दहा ओळी लिहा.