काचेतली जुळी आणि त्यांचे आईबाबा

‘डॉक्टर, मोठा चौदाशे ग्रॅमवर गेला, धाकटा अजून तेराशेवरच आहे. त्याला दूध कमी देता का?’ भिवंडीत यंत्रमागाची रात्रपाळी करून थेट नवजात कक्षाच्या दारात आलेल्या बापाचा पहिला प्रश्न बहुतेकदा हाच असतो. त्याच्या शर्टावर कापसाचे तंतू तसेच असतात. आत दोन पेट्यांवर आईचं नाव लावलेलं असतं आणि त्यापुढे फक्त ‘ट्विन १’ आणि ‘ट्विन २’. बाळांची नावं ठेवायला अजून कुणाला सुचलेलं नसतं.

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळं ३७ आठवडे भरण्याआधी जन्मतात. जिना चढल्याने किंवा पपई खाल्ल्याने हे झालं, असा ठपका बाळंतिणीवर कुणी ठेवू नये. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन घटतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळेच्या वजनावर परत येतं. एकाच पोटातून आली तरी दोघांची चाल वेगळी असते. म्हणून धाकट्याचं आजचं वजन थोरल्याशी ताडू नका, त्याच्याच कालच्या वजनाशी ताडा.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसायला गर्भवयाचे साधारण ३४ आठवडे लागतात. तोवर नळीने दूध देतात. नळी दिसली म्हणून घाबरू नका. त्या नळीतून जाणारं दूध आईचं असावं, हे महत्त्वाचं. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या सहा तासांच्या आतच हाताने दूध काढायला लागा. दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा काढा, त्यातली एक वेळ रात्रीची हवीच. सुरुवातीला वाटीचा तळ जेमतेम ओला होईल. तो पिवळसर चीकच बाळाचं संरक्षण करतो, टाकून देऊ नका. दोघांना पुरत नसेल, तर मातृदुग्धपेढीबद्दल डॉक्टरांना विचारा. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये आपल्या जवळच, मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

दुसरं काम छातीशी धरण्याचं, म्हणजेच ‘कांगारू मदर केअर’. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट ठेवून त्याला उघड्या छातीवर उभं धरायचं, मान एका बाजूला वळवायची आणि वरून कापड गुंडाळायचं. एका वेळी किमान तासभर तरी धरा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस दिवसाला ८ ते २४ तासांची आहे. एकट्या आईला दोघांसाठी इतका वेळ काढणं कठीण जातं. म्हणून एकाला आईने घ्यावं, दुसऱ्याला बाबांनी, आजीने किंवा मावशीने. पाळीवरून येणाऱ्या बाबांनी मात्र आधी आंघोळ करावी, कपडे बदलावेत आणि कोपरापर्यंत हात धुवावेत. सर्दी-खोकला असेल, तर त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

बाळाला बाहेर काढता येत नसेल, तर एक तळवा डोक्यावर आणि दुसरा पावलांवर अलगद, स्थिर ठेवा. बोटाने गोंजारलेलं इतक्या लहान बाळाला सोसत नाही. यंत्र वाजलं की नर्सला हाक मारा. पुष्कळदा पायावरची पट्टी सैल झालेली असते, पण ते ठरवायचं काम त्यांचं आहे.

बाळांना भिवंडीबाहेर, कळवा, ठाणे किंवा मुंबईला हलवलं, तर रोजच्या फेऱ्यांत आणि कशेळीच्या वाहतूककोंडीत घर थकून जातं. एक बाळ घरी आणि दुसरं रुग्णालयात, अशीही वेळ येते. तेव्हा कोण, कुठे, कधी थांबणार हे घरात बसून ठरवा आणि आईच्या जेवणाची व झोपेची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. सरकारी रुग्णालयात ‘जननी शिशु सुरक्षा’ योजनेखाली आजारी नवजाताचे उपचार मोफत असतात. त्याची चौकशी पहिल्याच दिवशी करा.

घरी जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. एक, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी: ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून हलक्या बाळाची ती जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायलाच हवी, फार लहान बाळाची त्याहूनही आधी. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. दोन, कानांची तपासणी. तीन, लसी: त्या जन्मतारखेनुसार द्यायच्या. वाढ मात्र दुरुस्त वयाने मोजायची. आठ आठवडे आधी आलेलं बाळ चार महिन्यांचं झालं, तरी त्याच्याकडून दोन महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवा.

घुटी, मध, काजळ आणि कानात तेल यांपैकी काहीही नको. दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं लागतं, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, ओठ निळे पडतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, झटके येतात किंवा बाळ उठवूनही जागं होत नाही, यांतलं एकही लक्षण दिसलं तर १०८ ला फोन करा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.