*शेततळ्यात शेवाळ वाढलंय? मोरचूद टाकण्याआधी हे वाचा*



ऊन वाढले, तळ्यातले पाणी खाली गेले आणि पाणी हिरवे व्हायला लागले. या आठवड्यात बऱ्याच सभासदांनी एकच प्रश्न विचारला: "तळ्यात मासे आहेत, शेवाळ झालंय, काय टाकू?" उत्तर थोडे लांब आहे. पाच मिनिटे काढून शेवटपर्यंत वाचा, कारण शेवाळापेक्षा घाईत केलेल्या उपायाने जास्त मासे मरतात.

*1) आधी शेवाळ कोणते ते ओळखा*

🟢 *पाण्यात मिसळलेले हिरवे:* पाणी फिकट हिरवे किंवा पोपटी दिसते, हातात काही येत नाही. हे सूक्ष्म शेवाळ म्हणजे माशांच्या अन्नसाखळीची सुरुवात. प्रमाणात असेल तर चांगलेच.

🟢 *तंतू शेवाळ:* केसांच्या गुंत्यासारखे. कागदाला, कडेला, पाइपला चिकटते आणि नंतर गोळे होऊन वर तरंगते. काठीला गुंडाळून निघते.

🟢 *निळे-हिरवे शेवाळ:* वाऱ्याच्या बाजूला कोपऱ्यात हिरवा रंग सांडल्यासारखा थर जमतो, घाण वास येतो. यातल्या काही जाती विषारी असतात. असा थर दिसला तर ते पाणी *जनावरांना पाजू नका.*

*2) झाकणाची चाचणी करा*

एका काठीच्या टोकाला डब्याचे पांढरे झाकण आडवे ठोका. काठीवर 20, 30 आणि 40 सेंटीमीटरवर खुणा करा. सकाळी 10-11 वाजता झाकण हळूहळू पाण्यात सोडा आणि ते कुठे दिसेनासे होते ते बघा.

▪️ 30 ते 40 सेंमी: ठीक आहे, काही करू नका.
▪️ 20 ते 30 सेंमी: खाद्य निम्मे करा, रोज लक्ष ठेवा.
▪️ 20 सेंमीच्या आत (म्हणजे एक वीतभर सुद्धा नाही): धोका. खाद्य आजच बंद.

पाणी गढूळ असेल तर ही चाचणी फसते. हिरव्या पाण्यासाठीच वापरा.

*3) मासे पहाटेच का मरतात?*

शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते. रात्री ऊन नसते, तेव्हा तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू वापरते. मासेही वापरतात, तळाचा गाळ कुजतो तोही वापरतो. म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात ते यामुळेच. दिवसभर आभाळ राहिले तर त्या रात्री धोका जास्त, कारण दिवसाची कमाईच कमी झालेली असते.

दुपारी तळ्यावर जाऊन "मासे मस्त फिरतायत" म्हणू नका. *पहाटे 5 वाजता जाऊन बघा.*

*4) शेवाळ वाढते कशावर?*

शेवाळाला पिकासारखेच नत्र आणि स्फुरद लागते. ते तळ्यात येते कुठून?

▪️ उरलेला कोंडा-पेंड तळाशी कुजते
▪️ "मासे वाढतील" म्हणून टाकलेले जादा शेण
▪️ पावसात बांधावरून वाहून आलेले खताचे पाणी
▪️ तळ्याजवळचा उकिरडा किंवा गोठ्याचे पाणी

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. 30 × 30 × 3 मीटरच्या तळ्यात भरल्यावर साधारण 22 लाख लिटर पाणी असते. पाणी दीड मीटरवर आले की बाजू तिरप्या असल्यामुळे ते 10 लाख लिटरच्या आत येते, म्हणजे निम्म्याहून कमी. मासे तेवढेच, उलट आता मोठे झालेले, आणि खाद्य पूर्वीइतकेच. मग शेवाळ वाढणारच.

*5) काय करायचे? (याच क्रमाने)*

✅ *शेण बंद.* पाणी हिरवे असताना कोणतेही खत तळ्यात नको.

✅ *खाद्य मोजून.* समजा 500 मासे, सरासरी 300 ग्रॅमचे. एकूण वजन 150 किलो, त्याच्या 2 टक्के म्हणजे दिवसाला 3 किलो खाद्य. यापेक्षा जास्त नको. खाद्य फेकू नका, ट्रेमध्ये किंवा छिद्रे पाडलेल्या पिशवीत टांगा. दोन तासांनी उरले असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करा. चाचणी 20 सेंमीच्या आत असेल तर दोन-तीन दिवस खाद्य देऊच नका. मासे उपाशी मरत नाहीत, पाण्यातले खातात.

✅ *तंतू शेवाळ हाताने काढा.* लांब बांबूला दाताळे किंवा जुनी जाळी बांधून काठावरून ओढा. दाताळ्याची टोके कागदाला लागू देऊ नका, टोकांना कापड गुंडाळा. काढलेले शेवाळ काठावर ठेवू नका, पावसात परत तळ्यात जाते. कंपोस्टमध्ये टाका, चांगले खत होते.

✅ *हिरवे पाणी पिकाला, ताजे पाणी तळ्याला.* विहिरीला पाणी असेल तर तळ्यातले पाचव्या हिश्शाइतके पाणी झाडांना मोकळे सोडा आणि तेवढेच नवीन भरा. विहीर आटलेली असेल तर हे करू नका, पाणी आधी पिकाला लागणार आहे.

✅ *मोठे मासे काढून विका.* पाणी कमी होत असेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय हाच. 700-800 ग्रॅमच्या पुढचे मासे काढले की खाद्य कमी, घाण कमी, आणि उरलेल्यांना प्राणवायू जास्त. "किलोचे झाल्यावर विकू" म्हणून थांबलो आणि एका पहाटे सगळे गेले, तर वजन आणि भाव दोन्ही हातचे जातात.

*6) शेवाळ खाणारे मासे*

गवत्या मासा मऊ पाणवनस्पती आणि थोडेफार तंतू शेवाळ खातो. पाण्यात मिसळलेले हिरवे शेवाळ तो खात नाही, ते चंदेरा (सिल्व्हर कार्प) गाळून खातो. गवत्या एकूण माशांच्या 5 ते 10 टक्केच ठेवा. तो भरपूर खातो आणि तेवढीच विष्ठा टाकतो, ती पुन्हा शेवाळाचे खत होते. आत्ता शेवाळ वाढलेले असताना नवीन बोटुकली सोडू नका, पुढच्या हंगामात नियोजन करा.

*7) आता मोरचुदाचे*

बोर्डोसाठी आणलेले मोरचूद घरात असते, म्हणून हात आधी तिकडे जातो. थांबा.

❌ मोरचूद शेवाळ मारते हे खरे. पण जास्त झाले तर मासेही मारते. किती चालेल हे पाण्याच्या क्षारतेवर ठरते. *पावसाच्या पाण्याने भरलेल्या, कागद घातलेल्या तळ्याची क्षारता बऱ्याचदा कमी असते,* तिथे थोडे मोरचूदही विषारी ठरते. शेजाऱ्याच्या बोअरच्या पाण्यात चाललेला डोस तुमच्या तळ्यात चालेलच असे नाही.

❌ डोस बरोबर असला तरी दुसरा धोका राहतो. सगळे शेवाळ एकदम मेले की ते कुजते आणि कुजताना प्राणवायू ओढून घेते. मोरचूद टाकल्यावर एक-दोन दिवसांनी मासे मरतात ते बहुतेक वेळा यामुळे. शिवाय तांबे कुजून नाहीसे होत नाही, तळाच्या गाळात साठत जाते.

म्हणून पाण्याची क्षारता तपासल्याशिवाय आणि मत्स्य तज्ज्ञाला विचारल्याशिवाय मोरचूद नको.

❌ *तणनाशक आणि ब्लीचिंग पावडर:* मासे असलेल्या तळ्यात कधीच नाही.

❌ *चुना:* पाणी गच्च हिरवे असताना नको. अशा पाण्याचा सामू दुपारी आधीच 9 च्या पुढे गेलेला असतो. चुन्याने तो आणखी वाढतो आणि पाण्यातला अमोनिया माशांना जास्त बाधतो. चुना तळे तयार करताना, सामू बघून टाकायचा.

*8) ठिबक असणाऱ्यांसाठी*

हिरवे पाणी ठिबकला घेताना सॅन्ड फिल्टर रोज उलटा धुवा (बॅकवॉश), जाळीचा फिल्टरही साफ करा. फूटव्हॉल्व्ह तळाला टेकवू नका आणि अगदी वरही ठेवू नका, मधल्या थरातले पाणी घ्या. ठिबकला ॲसिड किंवा क्लोरीन द्यायचे असेल तर ते फिल्टरजवळ पाइपमध्ये द्या. फ्लशचे आणि बॅकवॉशचे पाणी *तळ्यात परत येता कामा नये.*

*9) पहाटे मासे वर आले तर 🚨*

▪️ लगेच मोटर सुरू करा. तळ्यातलेच पाणी उचलून छिद्रे पाडलेल्या पाइपमधून उंचावरून परत तळ्यात फवारा.
▪️ विहिरीचे किंवा बोअरचे पाणी सोडत असाल तर तेही उंचावरून पडू द्या. जमिनीतल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, पडताना तो मिसळतो.
▪️ ऊन चांगले येईपर्यंत, साधारण 8-9 वाजेपर्यंत चालू ठेवा.
▪️ त्या दिवशी खाद्य नाही. मेलेले मासे लगेच काढून पुरा.

आपल्या फिडरला शेतीची लाईट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, ते बघून ठेवा. पहाटे लाईट नसेल तर डिझेल इंजिनची सोय आधीच बोलून ठेवा. मासे वर आल्यावर शोधाशोध करून उपयोग नाही.

*10) सगळ्यात महत्त्वाचे*

शेवाळाने तळ्याचा कागद तेलासारखा गुळगुळीत होतो. आत घसरलेल्या माणसाला, पोहता येत असले तरी, वर चढता येत नाही. *शेवाळ काढायला एकट्याने जाऊ नका.* काठावर दुसरा माणूस हवा. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत कायमचे सोडून ठेवा, एक हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवा. लहान मुलांना या कामाला नेऊ नका. मासे परत सोडता येतात.

📋 *आजचे काम:* झाकणाची चाचणी करा आणि आकडा वहीत लिहा. उद्या पहाटे एक चक्कर मारा. आकडा 20 च्या आत असेल तर तळ्याचा फोटो, पाण्याची खोली आणि माशांची अंदाजे संख्या कंपनीच्या या नंबरवर पाठवा. पाणी तपासायचे असल्यास स्वच्छ बाटलीत एक लिटर नमुना घेऊन संकलन केंद्रावर आणून द्या.

तळे असलेल्या शेजाऱ्यालाही हा मेसेज पाठवा.