विद्यापीठ आणि मुक्त-स्रोत अध्ययन प्रणाली

प्रणालीचे स्वरूप

विद्यापीठाच्या कार्याकडे बाहेरून पाहणाऱ्यास व्याख्याने, ग्रंथालय आणि परीक्षा एवढ्याच गोष्टी प्रामुख्याने दिसतात. त्या तिन्हींना एकत्र बांधणारी एक चौथी गोष्ट आहे, ती म्हणजे नोंदी. कोणता विद्यार्थी कोणत्या अभ्यासक्रमास बसला आहे, कोणती टिपणे वाटली गेली, निबंध कोणी केव्हा दिला, तो कोणी तपासला, त्यावर कोणता शेरा मारला आणि किती गुण दिले, ह्या सर्वांची सुसंगत नोंद नसेल तर उत्तम अध्यापकाचेही श्रम वाया जातात. पूर्वी हे काम हजेरीपट, सूचनाफलक, टपाल आणि गुणपत्रके ह्यांच्या द्वारा होत असे. १९९० नंतरच्या दशकात ते संगणकाकडे आले आणि ही सर्व साधने एकाच आज्ञावलीत एकत्र करण्यात आली. अशा आज्ञावलीस लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम, अथवा मराठीत अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली, असे म्हणतात.

तिची रचना समजण्यास कठीण नाही. विद्यापीठाच्या सर्व्हरवर एक आज्ञावली अखंड चालू असते. तिच्या शेजारी डेटाबेस असतो व त्यात वर सांगितलेल्या नोंदी साठवलेल्या असतात. विद्यार्थी आपल्या संगणकावरून वा भ्रमणध्वनीवरून मागणी करतो, तेव्हा आज्ञावली प्रथम तो कोण आहे हे पडताळते, त्यास काय पाहण्याचा अधिकार आहे हे ठरवते आणि डेटाबेसमधून तेवढेच काढून त्याच्यापुढे ठेवते. अध्यापकास गुण भरता येतात, विद्यार्थ्यास ते केवळ वाचता येतात. हा भेद आज्ञावलीच राखते. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जो ह्या आज्ञावलीचे नियम ठरवतो, तो अध्यापनाची रीतही काही अंशी ठरवतो. म्हणूनच ही आज्ञावली कोणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्न केवळ खरेदी-विभागाचा राहत नाही.

विकत घेतलेली प्रणाली

ह्या क्षेत्रातील पहिल्या लोकप्रिय प्रणालींपैकी वेबसीटी ही एक होय. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात संगणकशास्त्राचे अध्यापक मरे गोल्डबर्ग ह्यांनी १९९५ च्या सुमारास तिचा आरंभ केला. पुढे ती एका व्यापारी संस्थेकडे गेली आणि अनेक देशांतील विद्यापीठांनी तिचा परवाना घेतला. २००६ मध्ये ब्लॅकबोर्ड ह्या अमेरिकन प्रतिस्पर्धी संस्थेने वेबसीटी संस्था विकत घेतली. कालांतराने वेबसीटी हे नाव नाहीसे झाले आणि ती वापरणाऱ्या विद्यापीठांना आपले अभ्यासक्रम दुसऱ्या प्रणालीत हलवणे भाग पडले.

ह्या व्यवहारात बेकायदेशीर असे काहीच नव्हते. परवाना घेणाऱ्यास आज्ञावली चालवण्याचा हक्क मिळतो. ती उघडून पाहण्याचा, बदलण्याचा अथवा विक्रेत्याने सोडून दिल्यावर पुढे चालवण्याचा हक्क मिळत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने भिंती कितीही सजवल्या तरी घरमालक बदलल्यावर त्याचे काही चालत नाही. विद्यापीठांची स्थिती तशीच होती.

मूडलचा उदय

ह्या अडचणीचा अनुभव घेतलेल्या एका मनुष्याने दुसरा मार्ग काढला. मार्टिन डूगियामस ह्यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशातील एका दूरस्थ वस्तीत गेले. तेथे शाळा रेडिओवरून भरत असे. पुढे पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात वेबसीटीची व्यवस्था पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले. प्रणालीतील उणिवा त्यांना दिसत. परंतु आज्ञावलीचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, हाती नसल्याने त्या दूर करणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. त्यांनी स्वतःच एक प्रणाली लिहावयास घेतली. ऑगस्ट २००२ मध्ये मूडल ह्या नावाने तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली.

मूडल ही जनरल पब्लिक लायसन्स ह्या परवान्याखाली दिली जाते. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८९ मध्ये सिद्ध केला. त्याने वापरणाऱ्यास चार मोकळीका मिळतात : आज्ञावली कोणत्याही हेतूने चालवणे, तिचा सोर्स कोड अभ्यासून त्यात बदल करणे, तिच्या प्रती इतरांस देणे आणि बदललेल्या प्रतीही इतरांस देणे. जो बदललेली प्रत दुसऱ्यास देतो, त्याने त्या प्रतीबरोबर ह्याच मोकळीका पुढे दिल्या पाहिजेत, एवढी अट असते. अशा आज्ञावलीस मुक्त-स्रोत म्हणतात. येथे मुक्त ह्या शब्दाचा अर्थ फुकट असा नाही. परवान्याचे शुल्क नसते हे खरे. परंतु ती ह्या स्वातंत्र्याची केवळ एक फलश्रुती आहे.

एका विद्यापीठाचा निर्णय

ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये राजसनदेने स्थापन झाली आणि तिचे पहिले विद्यार्थी १९७१ मध्ये अभ्यासास लागले. पूर्वीच्या पदवीची वा परीक्षेची अट न घालता दूरशिक्षण देणे हे तिचे ब्रीद होय. तिचे दीड लाखाहून अधिक विद्यार्थी देशभर विखुरलेले असल्याने त्यांच्यापैकी अनेकांच्या दृष्टीने टपालाची पिशवी आणि संगणकाचा पडदा हेच विद्यापीठ होते. ह्या शतकाच्या आरंभी तेथे अनेक संगणकीय साधने एकाच वेळी वापरात होती. काही विद्यापीठाने स्वतः बनवलेली होती. चर्चेसाठी फर्स्टक्लास ही विकत घेतलेली प्रणाली होती. एका साधनातील नोंद दुसऱ्यास सहज उपलब्ध होत नसे.

नोव्हेंबर २००५ मध्ये ह्या विद्यापीठाने आपली नवी प्रणाली मूडलच्या पायावर उभारण्याचे जाहीर केले. मूडलचे वय त्या वेळी अवघे तीन वर्षांचे होते. फुकट मिळते म्हणून ती घेतली असे म्हणता येणार नाही, कारण तिच्यात बदल करण्यासाठी विद्यापीठाने संगणकतज्ज्ञ नेमले आणि मोठा खर्च केला. परवान्यासाठी जो पैसा विक्रेत्याकडे गेला असता, तो स्वतःच्या माणसांच्या कौशल्यावर लावला गेला.

ह्या निर्णयातील जोखीम लवकरच स्पष्ट झाली. जानेवारी २००६ मध्ये ब्लॅकबोर्डला अमेरिकेत एक पेटंट मिळाले. एकाच व्यक्तीस एका अभ्यासक्रमात अध्यापक व दुसऱ्यात विद्यार्थी अशा भिन्न भूमिका देण्याची रीत त्याच्या कक्षेत येत होती. त्याच वर्षी डिझायर-टू-लर्न ह्या कॅनेडियन संस्थेवर ह्या पेटंटाच्या आधारे दावा लावण्यात आला. ही रीत जवळजवळ सर्वच प्रणालींत असल्यामुळे मुक्त-स्रोत प्रणालींवरही गंडांतर येईल अशी भीती निर्माण झाली. फेब्रुवारी २००७ मध्ये ब्लॅकबोर्डने मुक्त-स्रोत प्रणाली व विद्यापीठांनी स्वतः रचलेल्या प्रणाली ह्यांच्याविरुद्ध हे पेटंट वापरणार नाही असे जाहीर केले. २००८ मध्ये ज्यूरीने डिझायर-टू-लर्नविरुद्ध निर्णय दिला. तथापि २००९ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने पेटंटातील दावे अवैध ठरवले आणि तो प्रश्न निकालात निघाला.

बदल परत देण्याचे गणित

मुक्त-स्रोत प्रणाली स्वीकारणाऱ्या विद्यापीठापुढील खरी कसोटी मात्र न्यायालयात नसते. ती संगणक-विभागाच्या खोलीत असते, आणि तिचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे.

प्रत्येक विद्यापीठाच्या काही विशेष गरजा असतात. एखाद्यास गुणांची निराळी पद्धत हवी असते, एखाद्यास निबंध दोन परीक्षकांकडून तपासून घ्यावयाचे असतात. सोर्स कोड हाती असल्याने असे बदल करणे सोपे जाते. परंतु मूळ प्रणालीही स्थिर नसते. मूडलची नवी आवृत्ती वर्षातून साधारणतः दोनदा प्रसिद्ध होते आणि जुन्या आवृत्त्यांतील सुरक्षेचे दोष दूर करण्याचे काम ठरावीक मुदतीनंतर थांबते. त्यामुळे नवी आवृत्ती घेणे आज ना उद्या अटळ असते. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर विद्यापीठाने केलेला प्रत्येक बदल पुन्हा बसवून पाहावा लागतो, कारण ज्या ओळीला तो जोडलेला होता, ती ओळच नव्या आवृत्तीत बदललेली असू शकते.

उदाहरणार्थ, एका विद्यापीठाने मूळ आज्ञावलीत ४० बदल केले आहेत असे समजू. वर्षातून दोन आवृत्त्या घेतल्यास वर्षाकाठी ८० वेळा आणि पाच वर्षांत ४०० वेळा पडताळणी करावी लागेल. नवा एकही बदल न करता एवढे काम उभे राहते. ते न झेपल्यास विद्यापीठ जुन्याच आवृत्तीवर अडकून पडते आणि ज्या परावलंबनातून सुटण्यासाठी ही प्रणाली घेतली, त्याच्या जागी एकाकीपण येते.

ह्यावर दोन उपाय आहेत. पहिला, मूळ आज्ञावलीस हात न लावता बदल स्वतंत्र जोड-आज्ञावलीच्या रूपाने करणे. मूडलची रचना अशा सुट्या भागांची असल्याने बरेचसे बदल ह्या रीतीने करता येतात. दुसरा उपाय म्हणजे जे बदल सर्वांच्या उपयोगाचे आहेत, ते मूळ प्रकल्पास परत देणे. ते तेथे स्वीकारले गेले म्हणजे पुढील आवृत्तीत ते आपोआप येतात आणि त्यांची देखभाल सर्वांची होते.

ओपन युनिव्हर्सिटीचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तिच्याजवळ ओपनमार्क नावाची स्वतःची चाचणी-पद्धती होती. तीत विद्यार्थ्याचे उत्तर चुकल्यास त्यास सूचना देऊन पुन्हा प्रयत्न करू दिला जाई; दूर बसलेल्या विद्यार्थ्यास शिक्षक शेजारी असल्यासारखे साहाय्य मिळे. हीच दृष्टी ठेवून विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी मूडलमधील प्रश्नोत्तरांचा संपूर्ण भाग नव्याने लिहिला. तो विद्यापीठापुरता न ठेवता मूळ प्रकल्पास देण्यात आला आणि २०११ मध्ये मूडलच्या २.१ ह्या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्यानंतर जगातील कोणत्याही मूडल-शाळेत घेतली जाणारी चाचणी त्याच पायावर चालू लागली.

हे दान म्हणून केले होते काय? वर सांगितलेल्या परवान्याची अट येथे नीट वाचली पाहिजे. बदललेली प्रत दुसऱ्यास दिली तरच ती अट लागू होते. आपल्याच सर्व्हरवर बदललेली प्रत चालवणाऱ्या विद्यापीठास आपले बदल प्रकट करण्याचे कायदेशीर बंधन नसते. तरीही अनुभवी विद्यापीठे ते परत देतात, कारण स्वतःजवळ ठेवलेला बदल दर आवृत्तीस नवा खर्च मागतो आणि परत दिलेला बदल तो खर्च वाचवतो. ज्या विहिरीतून गाव पाणी भरते, तिचा गाळ काढण्यास हात लावणारा स्वतःचीही घागर भरत असतो.

भारतातील संस्थांसाठी

भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कार्यात मुक्त-स्रोत आज्ञावलींचा अवलंब करण्याचे धोरण जाहीर केले. आपल्याकडील अनेक शिक्षणसंस्था मूडल वापरतात. परंतु पुष्कळदा ‘शुल्क नाही’ एवढ्याच आधारावर निर्णय होतो. प्रणाली उभी केली जाते आणि ती सांभाळणारा माणूस मात्र नेमला जात नाही. तो तात्पुरता कर्मचारी सोडून गेला म्हणजे सर्व्हरचा परवलीचा शब्दही कोणास ठाऊक नसतो. अशा वेळी दोष प्रणालीस देणे योग्य ठरत नाही.

म्हणून स्वीकारापूर्वी काही गोष्टी निश्चित कराव्यात. प्रणालीची जबाबदारी घेणारे कायम कर्मचारी असावेत. नोंदींची प्रत नियमाने काढली जावी, आणि त्या प्रतीवरून प्रणाली पुन्हा उभी करता येते हे वर्षातून एकदा तरी करून पाहावे. मूळ आज्ञावलीतील बदल लिहून ठेवावेत व शक्य तितके कमी असावेत. बाहेरील सेवासंस्थेकडे काम सोपवल्यास नोंदींवरील हक्क विद्यापीठाकडेच राहील, हे करारात नमूद असावे.

परत देण्यासारखे काम केवळ संगणकतज्ज्ञांकडेच असते असेही नाही. मूडलच्या पडद्यावर दिसणारे शब्द मुख्य आज्ञावलीपासून वेगळे ठेवलेले असतात आणि त्यांचे भाषासंच स्वयंसेवक तयार करतात. मराठीचाही असा संच आहे. एखाद्या महाविद्यालयातील मराठीच्या अध्यापकाने त्यातील एक अवघड शब्द सुबोध करून पाठवला आणि तो स्वीकारला गेला, तर मराठीतून मूडल वापरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास तो नव्या रूपात दिसतो. विकत घेतलेल्या प्रणालीत त्या अध्यापकास फार तर विक्रेत्याकडे विनंती पाठवता आली असती.