चढ नसलेला डोंगर

वाई,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. बाळ यास,


परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, आजीला आणि आईला महाबळेश्वरला नेतोय. तिथे काय, सगळे गाडीचेच पॉइंट. ताटात वाढून ठेवलेला डोंगर!" मी हसलो खरा, पण ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीसारखं दोन दिवस छळत राहिलं. म्हणून हे पत्र. फोनवर तू नुसतं 'हो हो' म्हणतोस. कागद निदान खिशात राहतो.

तुझ्या पायांबद्दल मला आदर आहे. मीही तुझ्या वयात असाच होतो. एकदा आम्ही चौघं कोकणातल्या ढवळे गावातून निघालो, चंद्रगड केला आणि ढवळे घाटानं चढत महाबळेश्वरच्या आर्थर सीटला बाहेर पडलो. पाणी संपलेलं, शर्टाला मिठाचे नकाशे. वर येऊन बघतो तर माणसं मक्याची कणसं खात फोटो काढतायत. त्यांना बघून मला जी घृणा वाटली ती तुझ्या फोनमध्ये मला जशीच्या तशी ऐकू आली.

पण त्या दिवसाचा हिशेब नंतर मांडला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पायांत त्राणच उरले नव्हते, म्हणून आम्ही तिथे दोन तास पडून होतो. ऊन कलताना कड्यांचा रंग कसा फिरतो, ढगाची सावली दरीतून कशी सरकते, हे सगळं दिसलं ते त्या दोन तासांत. कणसं खाणारे सात-आठ मिनिटं थांबत होते. त्यांना दिसलं नाही ते गाडीनं आले म्हणून नव्हे, लगेच निघाले म्हणून. चढून येणाऱ्याला त्याचा दम बसवतो. गाडीनं येणाऱ्याला स्वतःहून बसावं लागतं, आणि ते चढण्यापेक्षा अवघड आहे हे तुला तिथे गेल्यावर कळेल. दहाव्या मिनिटाला तुझा हात मोबाइलकडे जाईल.

तेव्हा पहिलं काम म्हणजे 'तीन तासांत बारा पॉइंट' असला सौदा कुणाशी करू नकोस. दिवसाला दोन पॉइंट पुष्कळ झाले. दिवाळीच्या आठवड्यात तर जाऊच नका, पसरणीचा घाट गाड्यांनी तुंबतो. तुळशीचं लग्न उरकलं की एखाद्या मंगळवारी-बुधवारी निघा. पावसाळ्यात हे सगळे पॉइंट धुक्याच्या पोटात असतात, समोर हात धरला तर बोटं दिसत नाहीत. आणि एप्रिल-मेमध्ये हवेत धूळ, धूर आणि उन्हाची झाक येते, लांबचे डोंगर पुसट होतात. पावसानं धुतलेली हवा मिळते ती आत्ताच.

आर्थर सीटला जा, पण आधी ताईचे गुडघे बघ. गाडीतळापासून वाट बांधलेली असली तरी पायऱ्या आहेत. ताईला जमेल तिथपर्यंत न्या. शेवटचं टोक गाठलंच पाहिजे असा काही नियम नाही. तिथे उभं राहिलं की डावीकडे सावित्रीचं खोरं, उघडंबोडकं, थेट कोकणात कोसळलेलं. उजवीकडे जोरचं खोरं, उथळ आणि हिरवं. एका बाजूला पडलेला थेंब सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला म्हणजे अरबी समुद्राला जातो. दुसऱ्या बाजूचा कृष्णेत शिरतो आणि सुमारे 1400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतो. मी तीस वर्षं वर्गात फळ्यावर खडूनं जलविभाजक काढत आलो. पोरांना तो कधी कळला असेल असं वाटत नाही. तिथे तो शिकवावा लागत नाही.

कड्यांकडे बघताना त्यातले आडवे पट्टे बघ. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर ओतले गेले, त्यातला हरेक थर वेगळा दिसतो. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो, आणि त्या उतारावर झाडी धरते. म्हणून काळा पट्टा, हिरवा पट्टा, पुन्हा काळा. कातळाला बिलगून चढताना तुला हा हिशेब दिसणार नाही, कारण तेव्हा तुझ्या नाकासमोर एकच थर असतो. आणि हो, तिथे खालून येणाऱ्या वाऱ्यावर लोक बाटल्यांची बुचं टाकतात, ती परत वर येतात म्हणून टाळ्या पिटतात. सगळी परत येत नाहीत. तू टाकू नकोस.

बॉम्बे पॉइंटचंही तेच. समोर प्रतापगड, मकरंदगड आणि मधे जावळीचं रान. 1656 मध्ये महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि 1659 च्या नोव्हेंबरात अफजलखान तिथे उतरला, हे तू पुस्तकात वाचलंयस. त्या रानातून तू चाललास तर तुला झाडं दिसतील, घाम येईल, जळवा लागतील. पण खानाची एवढी मोठी फौज तिथे आणणं म्हणजे काय, हे कठड्याशी उभं राहून खाली पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. सूर्यास्ताला मात्र तिथे जत्रा असते. सूर्य बुडाला की दोन मिनिटांत सगळे पार्किंगकडे पळतात. खरे रंग त्यानंतर वीसेक मिनिटं चालतात, तेव्हा कठडा मोकळा असतो. आजीच्या कानाला स्कार्फ बांधून थांबता आलं तर थांबा.

विल्सन पॉइंट, म्हणजे जुना सिंदोळा, 1439 मीटर, इथली सगळ्यात उंच जागा. उगवतं आणि मावळतं दोन्ही तिथून दिसतं. पण पहाटे पाचला म्हाताऱ्या माणसाला थंडीत उठवण्याइतकं ते नाही, असं माझं मत. तू एकटा जाऊन ये. बाकी पॉइंटांचं मी सांगत बसत नाही. बरेचसे साहेबांच्या नावांचे आहेत, आणि घोडेवाले तुला सगळे सांगतील.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

केट्स पॉइंट. त्याचं जुनं नाव नाके खिंड. 1998 साली मी आजीला तिथे नेलं होतं. असाच एक सौदा केला होता, बारा पॉइंटांचा. गाडीवाला खाली हॉर्न वाजवत होता. आणि मी, भूगोलाचा मास्तर, आजीला तिथली ती हत्तीच्या सोंडेसारखी कातळाची कमान दाखवत होतो. वारा आणि पाणी खडक कसा कोरतात, ते सांगत होतो. ती मान हलवत होती. पाच मिनिटांत आम्ही गाडीत बसलो. रात्री घरी आल्यावर, भांडी विसळता विसळता तिनं विचारलं, "तो खाली पाण्याचा पट्टा होता, ते धोमचं पाणी का रे? म्हणजे आमचं शिवार तिथंच."

तुला माहीत आहे का, आजीचं माहेर धरणात गेलं? सत्तरच्या दशकात धोम धरण झालं, तेव्हा. तोवर तिचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून घरात त्याचा फारसा विषय निघाला नाही. माहेरची माणसं पुनर्वसनात दुसरीकडे गेली. गाव पुन्हा बघायला जायचं तर जायचं कुठे? आणि ज्या एका जागेवरून ते सगळं खोरं एका नजरेत दिसतं, पाय न दुखवता, तिथे मी तिला नेऊन खडकाची सोंड दाखवली. नंतर पुन्हा नेऊ, नेऊ म्हणत राहिलो. घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे म्हणूनच राहून गेलं. लांबचं असतं तर केव्हाच झालं असतं.

म्हणून एक दिवस फक्त केट्स पॉइंटला ठेव. सकाळी नको. तो पूर्वेकडे बघतो, सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि दरी धूसर असते. दुपारी साडेतीननंतर जा. सूर्य पाठीशी येतो, कमळगड उजळतो, पाणी निळं दिसतं, आणि तोवर सगळं जग सूर्यास्त गाठायला बॉम्बे पॉइंटकडे धावलेलं असतं. चालणं थोडंच आहे. डिकीत घडीची खुर्ची टाक, एक शाल, थर्मासात चहा. खाण्याची पिशवी उघडी धरू नकोस, माकडं हातातून नेतात. खुर्ची कठड्यापासून दोन हात अलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला मांड.

मग गप्प बस. हे तुला सगळ्यात कठीण जाणार, मलाही गेलं असतं. म्हणूनच तुम्ही बोलावलंत तरी मी येणार नाही. मी आलो की पुन्हा शिकवायला लागेन. आजी बहुधा बराच वेळ काही बोलणार नाही. तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लांबचं चांगलं दिसतं, काळजी नको. तिनं बोट दाखवलं तर तिकडे बघ. तुला पाणीच दिसेल. 'कुठे, काहीच नाही' असं म्हणू नकोस. आणि तिनं काही सांगितलंच, विहीर, वड, वाट, जे काही, तर ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून घे. एवढ्यापुरता तो बाहेर काढायला माझी हरकत नाही.

उतरताना जेवायला वाईलाच या. मामी म्हणते, किती जण आणि कधी ते आदल्या दिवशी कळवा, बाजरीचं पीठ ताजं दळून आणायचं आहे. ताईला नमस्कार, आजीला साष्टांग.

तुझा,
मामा

ता. क. गाडीत पुढची सीट आजीला दे. पसरणीच्या घाटात मागे बसलं की तिला मळमळतं.