बोलायला शिकवायचं तर: बहिर दारच्या वर्गातले आठ धडे

नगर जिल्ह्यातल्या कॉलेजात मी बरीच वर्षं इंग्रजी आणि संवादकौशल्य शिकवलं. नंतर हाच विषय घेऊन इथिओपियात, ताना सरोवराच्या काठच्या बहिर दार शहरात गेले. भारतीय शिक्षक तिथे नवखे नाहीत. सम्राट हेले सेलासी यांच्या काळापासून आपली माणसं तिकडे शिकवायला जात आली आहेत. त्या मुक्कामाने मला जे दिलं, ते तिकडे किंवा आणखी कुठे शिकवायला निघालेल्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

१. वर्ग गप्प आहे म्हणजे मुलांकडे बोलण्यासारखं काही नाही, असं नव्हे.
इथिओपियात ऐंशीच्या आसपास भाषा बोलल्या जातात. १९९४ च्या शैक्षणिक धोरणाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत आणलं. नववीपासून मात्र माध्यम इंग्रजी. अम्हारिक किंवा ओरोमो बोलत वाढलेलं पोर ऐन वाढत्या वयात एकदम इंग्रजीत जाऊन पडतं. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून अकरावी सायन्सला आलेली पाथर्डी-अकोल्याकडची मुलं मी पाहिली होती. संकोच अगदी तोच. म्हणून नियम केला: आधी शेजाऱ्याला आपल्या भाषेत सांगा, मग तेच वर्गाला इंग्रजीत. तोंड उघडायची भीड गेली की इंग्रजी मागोमाग येतं.

२. पुस्तकातली देहबोली तिथल्या माणसांवर लादू नका.
'समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला' असं बहुतेक पुस्तकं सांगतात. तिथे वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणं ही अदब आहे. हस्तांदोलन करताना डावा हात उजव्या कोपराला लावून किंचित वाकतात. 'हो' म्हणायला पुष्कळदा नुसता श्वास झटक्यात आत ओढतात. मी गुणांच्या तक्त्यातून 'नजर' हा रकाना काढला आणि परदेशी कंपनीच्या मुलाखतीत काय अपेक्षित असतं, ते वेगळं शिकवलं. दोन्ही रीती कळणं आणि प्रसंग ओळखून त्या वापरता येणं, हे खरं कौशल्य.

३. नावाची रीत पहिल्याच दिवशी समजून घ्या.
तिथे आडनाव नसतं. स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं. लग्नानंतरही बाईचं नाव तेच राहतं. 'मिस्टर' लावून शेवटचं नाव घेतलं, तर हाक वडिलांना जाते. त्यामुळे पत्रलेखनाचे पाश्चात्त्य मायने जसेच्या तसे चालत नाहीत. मलाही सगळे 'टीचर' म्हणून पुढे माझं पहिलं नाव घेत. आडनावावरून माणसाची जात ताडणाऱ्या समाजातून गेलेल्या मला त्यात फार मोकळं वाटलं.

४. वेळ सांगताना घड्याळ कुणाचं, तेही सांगा.
इथिओपियात तास सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळी सातला तिथे एक वाजलेला असतो. नोटिशीत नुसतं 'सभा तीन वाजता' लिहिलं, तर कुणी सकाळी नऊला येईल, कुणी दुपारी तीनला. वर्षही तेरा महिन्यांचं: तीस दिवसांचे बारा आणि पाच-सहा दिवसांचा तेरावा. नोटीसलेखनाच्या तासाला मी दोन्ही वेळा, दोन्ही तारखा लिहायला लावत असे. पंचांग आणि इंग्रजी कॅलेंडर एकाच भिंतीवर लावणाऱ्या आपल्याला हे अवघड जाऊ नये.

५. बोलणं खुलायला बैठक लागते.
तिथली कॉफी, म्हणजे बुना, घाईत होत नाही. जमिनीवर हिरवं गवत पसरतात. बिया धुऊन निखाऱ्यावर भाजतात आणि धुराचा वास घ्यायला तवा सगळ्यांसमोर फिरवतात. मग बिया कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळते. फेऱ्या तीन: अबोल, तोना, बरका. पहिल्या पेल्यानंतर उठणं बरं दिसत नाही. गटचर्चेचा तास मी अशा बैठकीत घेऊन पाहिला. बाकांवर अवघडून बसणारी मुलं दुसऱ्या फेरीला एकमेकांचे मुद्दे खोडू लागली.

६. हातात वस्तू द्या, वाक्यं येतात.
हे मी आमच्या जिल्ह्यात शिकले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथल्या ग्राम आरोग्य सेविका मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं की डॉक्टर असे असतात, सुंदर पण महाग आणि हाताला न लागणारे. मग दोन साध्या वातीचे दिवे काढले, एकावरून दुसरा लावला आणि सेविकेचं काम समजावलं. सभागृह उठून उभं राहिलं.

ही हकीकत सांगून मी मुलांना घरातली एकेक वस्तू आणायला सांगितलं. एरवी मान वर न करणाऱ्या एका मुलीने गाबी, म्हणजे जाड सुती पांघरूण आणलं. सूत आईने कातलेलं, कापड विणकराने विणलेलं. सरकी कशी काढायची, चातीवर सूत कसं ओढायचं, हे ती बोटं हलवत सांगत गेली. क्रियापदांचे काळ चुकले, पण कुणाचं लक्ष हललं नाही. व्याकरण आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच गाबीवर केलं.

७. दोन मुलखांमधला धागा सोबत न्या.
'तुमचं गाव कुठलं?' या प्रश्नाला मी मलिक अंबरने उत्तर देत असे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीत आला, १६०० नंतर तिचा कर्ताधर्ता झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मुघलांशी गनिमी काव्याने लढला. शहाजीराजांचीही सुरुवातीची कारकीर्द त्याच्या काळातली. वर्गातल्या अनेकांनी हे प्रथमच ऐकलं आणि प्रश्नांची झोड उठली. प्रश्न विचारायला शिकवण्याचा इतका चांगला तास मला पुन्हा मिळाला नाही.

८. तिकडे शिकलेलं इकडच्या वर्गात उतरू द्या.
आता नगरच्या मुलांचाही पहिला तास वस्तूंचाच असतो. ऊसतोडीचा कोयता घेऊन आलेली मुलगी उचल, मुकादम आणि आईबापांची सहा महिन्यांची फरफट आधी मराठीत सांगते, मग इंग्रजीत. ऐकणारा वर्ग तिला मध्ये तोडत नाही. तेवढं ऐकणं मी गुणांत धरते. परदेशी शिकवायची संधी आली तर शिक्षकांनी जरूर जावं. संवादकौशल्याला भाषा, रीत आणि भूक तिन्ही असतात, हे दुसऱ्याच्या गावात राहिल्यावर लवकर कळतं. आणि ते कळलेला शिक्षक आपल्या गावच्या गप्प मुलाला नापास करण्याआधी, त्याला कशाबद्दल बोलायचं आहे, ते विचारतो.