वर्गाचे सामायिक चल आणि त्याचे प्रारंभिक मूल्य

रोहे तालुक्यातील धाटाव हे कुंडलिकेकाठचे गाव औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित आहे. अशा गावाची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, संगणकावर आणावयाची आहे असे समजू. प्रत्येक घराचा मालक निराळा, क्षेत्रफळ निराळे. परंतु एकाच प्रकारच्या सर्व घरांना लागू होणारा कराचा दर एकच, आणि 'पुढील अनुक्रमांक'ही एकच.

डाल व न्यूगार्ड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या सिम्युला ६७ पासून रूढ झालेल्या पद्धतीत 'घर' हा वर्ग आणि प्रत्येक नोंद ही त्या वर्गाची वस्तू होय. जे मूल्य कोणा एका वस्तूचे नसून सबंध वर्गाचे असते, ते सामायिक चल. जावा या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या भाषेत त्यामागे 'स्टॅटिक' हा शब्द लिहितात.

अशा चलाला प्रथम मूल्य कोठे द्यावे? नवशिका ते पुष्कळदा नवी वस्तू घडविणाऱ्या आज्ञासंचात, म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये, देतो. तेथेच घात होतो. तो आज्ञासंच दर घरागणिक चालतो. परिणामी अनुक्रमांक प्रत्येक वेळी १ वर परततो आणि सर्व घरांना एकच क्रमांक मिळतो. मूल्य चलाच्या घोषणेतच द्यावे, अथवा वर्गाच्या 'स्टॅटिक' खंडात. हा भाग वर्ग प्रथम वापरात येताना एकदाच चालतो.

क्रमाकडेही लक्ष हवे. जावा सर्व सामायिक संख्यांना आधी शून्य देते व नंतर लिहिलेल्या ओळी वरून खाली अमलात आणते. 'किमान कर' वरच्या ओळीत असून तो दर वाचणाऱ्या उपकृतीमार्फत काढला, आणि स्थिरांक नसलेला दर खालच्या ओळीत लिहिला, तर किमान कर शून्य ठरतो. संगणक तक्रार करीत नाही. मागणीपत्रे मात्र चुकतात. सी प्लस प्लसमध्ये तर निरनिराळ्या फायलींतील अशा चलांचा क्रम सामान्यतः निश्चितच नसतो.

आणखी एक गोष्ट कार्यालयात विशेष महत्त्वाची. हे चल आज्ञावली चालू असेतोवरच जगते. सायंकाळी संगणक बंद केला की अनुक्रमांक विसरला जातो. दुसऱ्या दिवशी घोषणेतील १ पुन्हा उभा राहतो. म्हणून येथे प्रारंभिक मूल्य हाताने न लिहिता साठवलेल्या नोंदींतील शेवटच्या क्रमांकात एक मिळवून घ्यावे. दोन संगणकांवर एकाच वेळी नोंदणी चालत असल्यास तेवढ्यानेही भागत नाही, कारण प्रत्येकाजवळ चलाची स्वतंत्र प्रत असते. तेथे क्रमांक देण्याचे काम मध्यवर्ती माहितीसाठ्याकडेच सोपवावे लागते.